नमुना सत्तेचाळीस

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत लाईट गेली, तेव्हा सई दाताच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घालत होती. काम साठ टक्क्यांवर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता काय. सई म्हणाली, आता वाट बघायची. आणि वाट बघायला ती जिना उतरून खाली आली, कारण वरती खुर्चीची वाट बघणारे चार पेशंट गाल धरून तिच्याकडंच बघत होते.

आषाढी होऊन आठवडा झाला होता. पाऊस पडतोय म्हणण्यापेक्षा राहायला आलाय म्हणावं, असा. जिन्याला लागून एक दुकान होतं, त्याच्या पत्र्याखाली ती उभी राहिली. ओढणीचं टोक पिळलं. समोरून एक रिक्षा अख्खं डबकं अंगावर घेऊन गेली… आणि लाईट आली.

आणि मागून एक सूर आला.

चार-पाच सुरांचाच, पण पाण्याखालून हळूच वर यावा तसा. सईनं तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नेसरीच्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप आठवड्यातून एकदा निघायचं. चपला बाहेर काढून आत जायचं, सर बटण दाबायचे, आणि तीस पोरी श्वास धरून हा सूर ऐकायच्या. मग बहुधा तास संपायचा. सईचं कॉम्प्युटरचं शालेय शिक्षण म्हणजे हा सूर.

ती वळली. दुकानावर पाटी होती – 'शुभमंगल डीटीपी. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसे'. आत पोट सुटलेला एक जुना मॉनिटर, त्यावर ती हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ, आणि त्याच्यासमोर बाह्या दुमडलेला एक माणूस, कॉम्प्युटर सुरू झाला म्हणून त्याला नमस्कार करत होता.

"या की आत, पावणं," तो मागं न बघता म्हणाला. मग बघितलं. "…मॅडम. भिजताय कशाला?"

"हे अजून चालतं?"

"ह्यो? चालतोय की. वरच्या डॉक्टरांच्यापेक्षा बरा चालतोय. त्यांचा सकाळपासनं बंद हाय म्हणं."

"बंद नाही. मी अपडेट करतेय."

"तेच की," तो म्हणाला, आणि तिला बसायला खुर्ची पुसून दिली.

त्याचं नाव दत्तप्रसाद. गल्लीत दत्ता. वय चौतीस, लग्न नाही, आणि आजवर अडीच हजार लग्नांच्या पत्रिका केलेल्या. स्वयंपाक्यानं उपाशी असावं तशी ही गोष्ट होती, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. तोंडावर दिसत होतं ते फक्त एवढंच, की पाऊस असाच चालू राहिला तरी हरकत नाही.

सई तिशीची. पुण्यात शिकली, तिथल्या एका कंपनीत तीन वर्षं खुर्ची तापवली, आणि मग कोल्हापुरात येऊन दवाखाने, क्लासेस, वकील-बिकील यांचे कॉम्प्युटर सांभाळायला लागली. जगण्याचं तिचं एकच सूत्र होतं: ज्याचा सपोर्ट संपला, ते सोडायचं. फोन ती विरजण लावावं तितक्या नेमानं अपडेटला लावायची. मैत्रिणी, भाड्याची खोली, पुण्यातला एक मुलगा… सगळं तिनं ह्याच सूत्रानं वेळच्या वेळी बदललं होतं. त्यामुळं ती सुरक्षित होती. सुखी आहे का, हे विचारणारी खिडकी अजून तिच्या पडद्यावर उघडली नव्हती.

तिनं दत्ताला बसल्या बसल्या सांगितलं, की ह्या सिस्टीमचा सपोर्ट अकरा वर्षांपूर्वी संपलाय. आता तिला काही झालं तर कुणी विचारणार नाही. दत्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सपोर्ट होता तवा तरी कोण विचारत हुतं?"

सईला राग यायला हवा होता. तिनं चहा घेतला.

अडचण मात्र दत्तालाही होती, आणि चहा संपता संपता त्यानं ती सांगितली. तो पत्रिका ज्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर करायचा, ते कॉम्प्युटरच्या पाठीला लावलेल्या काडेपेटीएवढ्या एका डबीवर चालायचं. डबी काढली की सॉफ्टवेअर बंद. ती डबी नव्या कॉम्प्युटरला लागायची सोय नाही, आणि डबी देणारी कंपनी कधीच गुंडाळलेली. इतके दिवस कुणाचं काही अडलं नाही. पण उद्यमनगरातल्या ज्या छापखान्यात त्याच्या पत्रिका छापायला जायच्या, त्यांनी आता निरोप दिला होता – तुळशीच्या लग्नापासून जुन्या फाइली घेणार नाही. आणि तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू.

म्हणजे साडेतीन महिने होते. आषाढी ते तुळशीचं लग्न, ह्या काळात मुहूर्त नसतात, पत्रिका नसतात, आणि पत्रिका करणाऱ्याला काम नसतं.

"पंधरा दिवसांत करून देते," सई म्हणाली.

*

पंधरा दिवसांचं काम पंधरा दिवसांत झालं नाही. ह्याचं कारण दोघांपैकी कुणी आळशी होतं असं नाही. दोघंही इतकं मन लावून करत होते, की ते संपेचना.

तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. दत्ताच्या जुन्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या, की मराठीच्या जागी निव्वळ इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसायचा, कारण जुन्या सॉफ्टवेअरला मराठी-बिराठी काही कळत नव्हतं. कुठलं बटण दाबलं तेवढंच ते लक्षात ठेवायचं, आणि त्या बटणावर मराठी अक्षराचं चित्र चिकटवायचं. चित्रं गेली, की उरली नुसती बटणं. तर तो चिखल गाळून त्यातून पुन्हा मराठी काढायची, हे त्या प्रोग्रामचं काम. त्यासाठी कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, हे सईला शिकणं भाग होतं.

"आदी सोताचं नाव," दत्ता म्हणाला. "समद्यांना तेच पहिलं येतं."

त्यानं तिचं बोट नाही धरलं. आपलं बोट नुसतं किल्ल्यांच्या वर, हवेत, एका एका जागी नेलं, आणि तिचं बोट खालून त्याच्या मागं गेलं. एल. बी. मग शिफ्ट धरून झेड. पडद्यावर उमटलं – सई. तीनच बटणं. बाहेर पाऊस पत्र्यावर त्याच चालीत वाजत होता, असं सईला उगाचच वाटलं. रात्री झोपेतही तिची बोटं गोधडीवर तीनदा हलली.

दत्ताचं काम करायचं तंत्र बघून मात्र तिनं कपाळाला हात लावला. तो कोरी फाइल कधी उघडायचाच नाही. जुनी एखादी पत्रिका उघडायची, तिच्यावर नवी नावं घालायची. ती पत्रिका त्याच्या वडलांनी, जोतीरामअण्णांनी, दुकान काढलं तेव्हा केलेल्या एका पत्रिकेवरून झालेली. म्हणजे राजारामपुरीतली निम्मी लग्नं एकाच पत्रिकेची नातवंडं होती. आणि नातवंडांत आजोबांचं काहीतरी राहूनच जायचं. मागं एकदा उदयसिंह नावाच्या गृहस्थाच्या पत्रिकेत खालची ओळ तशीच राहिली – 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! आर्यन, अक्षता.' उदयसिंहांना बहीणच नव्हती. बाराशे पत्रिका वाटून झाल्यावर मुलीकडचे विचारायला आले, की आर्यन आणि अक्षता कोण, आणि ते ह्यांना मामा का म्हणतात.

"मग?"

"मग काय. लगीन झालं. पण मांडवात दोन पोरं भाड्यानं आणून उभी करायला लागली."

ते खरं होतं की नाही हे सईला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तेव्हापासून दुकानात एक पाटी लागली होती: 'प्रूफ वाचून "बरोबर आहे" असे लिहून सही केल्याशिवाय पत्रिका छापली जाणार नाही. नंतर तक्रार चालणार नाही.' ह्या पाटीला दत्ता देवाइतकं मानायचा. चिमणाबाई नावाच्या एक आजी पणतूच्या बारशाची पत्रिका करायला आल्या, त्यांना अक्षरओळख नव्हती. तर दत्तानं त्यांना अख्खी पत्रिका दोनदा वाचून दाखवली, आणि मग अंगठा घेतला.

सई रोज दुपारी यायला लागली. सकाळची कामं ती चटाचट उरकायची. दवाखान्यांतले कॉम्प्युटर इतक्या वेगानं बरे व्हायला लागले, की डॉक्टरांना लाज वाटावी. मग दुकानात बसून ती प्रोग्राम चालवायची, दत्ता बिघडलेल्या प्रूफच्या पुड्यातून भडंग द्यायचा, आणि एक एक पत्रिका चिखलातून वर येताना दोघं बघायचे. कुणाचं जोडाक्षर मोडलेलं असायचं. कुणाची वेलांटी बाजूच्या पाहुण्याच्या डोक्यावर बसलेली असायची. दत्ता प्रत्येक चूक अशी आनंदानं दाखवायचा, की जणू एक दिवस मिळाला.

"मॅडम, हितं टिंब सरकलंय."

"हो… सरकलंय खरं. उद्या बघावं लागेल."

"बगा की. घाई कसली."

*

सप्टेंबरात एकदा ऊन पडलं. दत्तानं कॉम्प्युटर चालू केला, नमस्कार केला, आणि त्या हिरव्या टेकडीकडं बघत म्हणाला, "ही कुठली असंल ओ?"

सईनं सांगितलं, परदेशातली. अमुक एका माणसानं गाडीतून जाताना फोटो काढला.

"असू दे," दत्ता म्हणाला. "पर आपल्याकडं बी हाय. मसाई पठारावर. अण्णा दाखवायचे. उद्या रविवार हाय."

हे निमंत्रण होतं की भूगोल, हे ठरवायला सईला अर्धा तास लागला. मग ती म्हणाली, "किती वाजता?"

दोघं त्याच्या स्कूटरवरून गेले. पन्हाळ्याच्या पुढं रस्ता ढगात शिरला आणि ढगातच राहिला. पठारावर पोचले तेव्हा टेकडी नव्हती, आभाळ नव्हतं, दहा हातांवरची गाय नव्हती, नुसती तिची घंटा होती. पायाखाली मात्र इवली इवली फुलं, जांभळी आणि पांढरी. चालता चालता ती दोघं पांढऱ्यात इतकी आत गेली, की सईला वाटलं, आता मागं वळून बघितलं तर गाव, फोन, स्थळं, पासवर्ड… काहीच नसेल.

"दिसली का टेकडी?" तिनं विचारलं.

"हितंच हाय. जरा लोड व्हायला येळ लागतोय."

ती हसली. ढगात हसू वेगळंच ऐकू येतं, जवळचं वाटतं. त्यानं खिशातून रुमाल काढून तिच्यापुढं धरला. तिच्या पापण्यांवर धुकं बसलं होतं. तो पुसून देणार होता की नुसता देणार होता, ते त्यालाच ठरवता आलं नाही… हात हवेत थोडा वेळ राहिला. किल्ल्यांच्या वर राहायचा तसा. मग तिनंच रुमाल घेतला.

परतताना सई एक वाक्य मनात घोळवत होती. पेठ वडगावचं स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात, मोठ्या कंपनीत, सगळं अगदी नवीन सिस्टीमसारखं. आई नेसरीहून रोज फोन करायची: दिवाळी झाली की व्हय का न्हाय ते सांग, मान्सं वाट बघत्यात. नाही म्हणायचं सईनं पठारावरच ठरवलं होतं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण पुढं बसून स्कूटर चालवत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

म्हणून वाघबीळच्या वळणावर ती त्याच्या पाठीला म्हणाली, "मला एक स्थळ आलंय. वडगावचं."

स्कूटर थोडी हळू झाली. सईनं श्वास धरला. शाळेत धरायची तसा.

वळण सरल्यावर दत्ता म्हणाला, "बरं. …पत्रिका कुठं करणार?"

*

त्यानंतर काम भराभर झालं.

सई यायची, काम करायची, जायची. टिंब सरकलं तर तिथल्या तिथं जागेवर आणायची. भडंग खायची नाही. दत्ताही आता चुका दाखवत नव्हता. त्याला काय झालं होतं हे विचारायला दुकानात तिसरं कुणी नव्हतं, आणि तो ज्याच्याशी बोलायचा त्या कॉम्प्युटरला आवाज एकच, तोही सुरू होतानाचा.

ऑक्टोबरात एक गंमत झाली. वरच्या डॉक्टरीणबाईंकडं एक दुसरा, चांगला चालणारा कॉम्प्युटर होता. त्याच्यातल्या दहा नंबरच्या सिस्टीमचाही सपोर्ट संपला, आणि तो अकरा नंबर घेईना. डॉक्टरीणबाई तावातावानं खाली आल्या. अजून त्याच्या पडद्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढला नाही, आणि म्हणे जुना. दत्तानं त्यांना खुर्ची दिली. "बसा, वैनी," तो म्हणाला. "आमचा अकरा वर्षामागं गेला, तुमचा आत्ता. त्रास व्हायचाच. हळूहळू सवय हुती." सई कोपऱ्यात काम करत होती. तिला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. तिनं मान वर केली तर दत्ता तिच्याकडंच बघत होता. मग दोघांनीही आपापल्या कॉम्प्युटरकडं बघितलं.

दिवाळी झाली. आईचे फोन दिवसातून दोन झाले. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्या पत्रिका नव्या कॉम्प्युटरवर आल्या होत्या. अडीच हजार लग्नं, एकही वेलांटी न हलता. एकच फोल्डर शिल्लक होतं, 'नमुने' नावाचं. गिऱ्हाइकाला दाखवायच्या पत्रिका, खोट्या नावांच्या. त्याबद्दल दत्तानं पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं, की ते राहू दे, त्यात काय न्हाय.

सई म्हणाली, "मग झालं. एकदा शेवटचा चालू करा, डबी कशी निघते ते बघते."

दत्तानं बटण दाबलं. नमस्काराला हात जोडले.

सूर आला नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. आतून कुठंतरी एक खडा हलल्यासारखा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. टेकडी नाही, आभाळ नाही. मॉनिटर नुसता काळा, त्यात दोघांचे चेहरे. सईनं खोकं उघडलं, फुंकर मारली, तारा काढून घातल्या. तिला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं, पण ती वीस मिनिटं करत राहिली. हे तिच्या सूत्रात बसणारं नव्हतं.

"डिस्क गेली," ती शेवटी म्हणाली. "माफ करा. आता ह्यातलं काही निघणार नाही."

दत्ता खाली बसला. वडलांचा कॉम्प्युटर होता तो. आता हा माणूस अण्णांबद्दल काहीतरी बोलेल आणि आपल्याला रडू येईल, अशी तिनं तयारी केली.

"नमुन्याचं फोल्डर?" त्यानं विचारलं.

"काय?"

"त्यात हुतं ना ते. गेलं म्हणायचं?"

"तुम्हीच म्हणालात त्यात काही नाही."

"न्हायच की," तो म्हणाला. "गेलं तर गेलं."

पण हे तो अशा आवाजात म्हणाला, की सई हातातला पेचकस खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की आपण एक गोष्ट सांगायची राहिलीय.

"गेलेलं नाही. मी पहिल्याच आठवड्यात सगळी डिस्क उतरवून घेतली होती. मी काहीच मागं ठेवत नाही, माहिती आहे ना. गाळलं नाही, पण आहे."

दत्ताचा चेहरा एकदम मेणासारखा झाला. आनंदानं की भीतीनं, ते दत्ताला नीट माहीत असावं.

"म्हंजे… तुमच्याकडं हाय?"

"हो."

"मग असू दे तसंच. उघडू नका."

"त्यात काय नाही ना?"

"न्हाय."

"मग बघू की," सई म्हणाली, आणि नव्या कॉम्प्युटरकडं वळली.

सेहेचाळीस नमुने दहा-बारा वर्षांपूर्वीचे होते. सत्तेचाळिसाव्यावर तारीख होती ह्याच जुलैची. पावसात ती पत्र्याखाली उभी राहिली होती, त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

तिनं तो उघडला. चिखल. कागदभर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, शिफ्ट धरून मारलेली बटणं. तिचा प्रोग्राम बाजूलाच होता, एका टिचकीत गाळून मिळालं असतं. पण तिची नजर मधोमध, मोठ्या अक्षरांवर अडली होती. तिथं तीनच बटणं होती. एल. बी. आणि शिफ्ट धरून झेड.

तिनं बोटं किल्ल्यांच्या वर धरली, हवेत, आणि न दाबता एक एक अक्षर चालत गेली. चार महिने रोज दुपारी जे शिकली होती, ते आता बोटांतून वर येत होतं, हळू, पाण्याखालून आल्यासारखं. चि. सौ. कां. सई. त्याच्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, चि. दत्तप्रसाद. मुहूर्ताच्या ओळीत तारखेची जागा मोकळी सोडलेली. लग्नस्थळाचीही. तिच्या वडलांचं नाव माहीत नव्हतं, तिथं नुसतं लिहिलं होतं – नेसरीकर.

दत्ता मागं उभा होता. पाटीकडं बघत होता.

"तिसऱ्या दिवशी?" सईनं विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

"नवी रचना कशी दिसती बघत हुतो. कुठली तरी नावं घालायला लागत्यात."

"आणि मग चार महिने गप्प बसलात."

"…चांगली दिसली," तो म्हणाला. "म्हणून पुसली न्हाय. बोलणार हुतो. पठारावर बोलणार हुतो. पर तुम्ही सगळं नवीन घेणारी मान्सं. मी म्हंजे डबीवर चालणारा. आन् वडगावचं निघालं तवा वाटलं, ही पत्रिका आता मलाच करायला लागती. तर निदान चूक तरी होऊ नये, म्हणून इचारलं कुठं करणार."

सई शेवटच्या ओळीपर्यंत आली होती. ती ओळ तिनं दोनदा चालून बघितली.

"दत्ता."

तो दचकला. मॅडमनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"इथं खाली लिहिलंय – आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं. आर्यन, अक्षता."

दत्तानं वाकून बघितलं. त्याला तो चिखल वाचायला बोटं लागत नव्हती. कान लाल झाले.

"ऱ्हायलीच ती," तो पुटपुटला. "जुन्यावरनं केलती ना… काढतो."

"राहू दे," सई म्हणाली. "बिचारी कुठं जातील."

टेबलावर तिचा फोन थरथरला. आई. सईनं तो उलटा करून ठेवला. आता तिच्याकडं कारण होतं, त्यामुळं घाई नव्हती. तिनं कर्सर तारखेच्या मोकळ्या जागेत नेला. ग्राहकांशी बोलताना ती 'हो' म्हणायची, पुण्यात 'येस' म्हणायची. पण नेसरीत, आईशी, खरं काही विचारलं तर तोंडातून एकच शब्द यायचा. शिफ्ट धरून ओ. मग जी. मग सेमीकोलन. तीही तीनच बटणं.

नव्या पडद्यावर ती बटणं तशीच उमटली, अर्थाशिवाय. गावात दुसऱ्या कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, कीबोर्डवरून मांजर गेलं.

दत्तानं वाचलं. ओठ हलले – व्हय. मग तो बराच वेळ उभा राहिला, सुरू होताना जुना कॉम्प्युटर राहायचा तसा, आत काहीतरी चाललंय आणि बाहेर काहीच नाही. सईनं वाट बघितली. जुन्यांना वेळ द्यावा लागतो, हे तिला आता माहीत होतं.

"असं चालत न्हाय," तो शेवटी म्हणाला, आणि पाटीकडं बोट केलं. "प्रूफवर सही लागती."

तिनं छपाईचं बटण दाबलं. कागद बाहेर आला, अजून ऊबदार, वरपासून खालपर्यंत चिखलानं भरलेला. दत्तानं खिशातलं पेन काढून दिलं. ह्या वेळी हात हवेत थांबला नाही.

सईनं कागद काउंटरवर सरळ केला, कोपऱ्यात 'बरोबर आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली. राजारामपुरीत आजवर इतक्या चुकांचं प्रूफ कुणी इतक्या खात्रीनं मंजूर केलं नव्हतं.